‘राखी का स्वयंवर’ : निवड, संमती आणि साक्ष

प्रस्तावना

२९ जून २००९ रोजी ‘एनडीटीव्ही इमॅजिन’ या हिंदी वाहिनीवर ‘राखी का स्वयंवर’ ही मालिका सुरू झाली आणि २ ऑगस्ट २००९ रोजी तिचा शेवट झाला. मुंबईच्या अभिनेत्री राखी सावंत यांनी सोळा इच्छुक तरुणांतून एकाची निवड करावयाची, असे तिचे स्वरूप होते. सूत्रसंचालन राम कपूर यांचे होते. शेवटी क्षितिज जैन, मानस कत्याल व इलेश पारुजनवाला हे तिघे उरले आणि वरमाला कॅनडात राहणाऱ्या पारुजनवाला यांच्या गळ्यात पडली.

या मालिकेवर त्या काळी बरेच बोलले गेले. पण ते बहुतेक दोन सुरांत होते. एक सूर थट्टेचा आणि दुसरा संस्कृती बुडाल्याचा. बिदर, भालकी, बसवकल्याण, आळंद या सीमाभागात घरोघरी दखनी, मराठी व कन्नड एकत्र नांदत असल्याने हिंदी वाहिनी समजण्यास कोणालाच अडचण नसते. म्हणून या दोन्ही सुरांचा प्रतिध्वनी आपल्या महाविद्यालयांतही उमटला. प्रस्तुत लेखात हे दोन्ही सूर बाजूला ठेवून एकच प्रश्न तपासावयाचा आहे. या पर्वाने स्त्रीच्या निवडीविषयी नेमके काय दाखविले व काय झाकले? आपल्या वर्गात बसणाऱ्या मुलींची लग्ने शिक्षण चालू असतानाच ठरत असतात, म्हणून हा प्रश्न केवळ मनोरंजनाचा राहत नाही.

मालिकेची रचना

अमेरिकेत ‘द बॅचलर’ ही मालिका २००२ साली आली. तिच्यात एक पुरुष अनेक तरुणींतून निवड करतो. पुढे भूमिका उलटवून स्त्रीला निवडीचा अधिकार देणारी मालिकाही निघाली. भारतीय वाहिनीने हा साचा घेतला, पण त्यावर नाव मात्र पुराणातले चढविले. ‘स्वयंवर’ म्हटले की परका साचा आपला वाटू लागतो, आणि प्रेमभेटी ज्या घरात चालल्या नसत्या त्या घरात वरमाला चालते. राजवाडा, पगड्या, मेंदी, वरात हे सारे त्या एका शब्दाच्या मागोमाग आले.

साच्याचे मुख्य तत्त्व गळतीचे आहे. दर काही भागांनी कोणी तरी बाहेर जातो. यामुळे निवड म्हणजे विचाराने एकापर्यंत पोहोचणे असे न राहता एकेकाला वगळत जाणे असे होते. शिवाय या साच्यात एक उत्तर मुळातच नसते. ‘यांपैकी कोणीही नको’ असे म्हणण्याची सोय अंतिम भागात नसते. प्रेक्षकांना लग्नाचे वचन दिलेले असते, जाहिराती ठरलेल्या असतात, तारीख ठरलेली असते. जिला नकाराचा अधिकार पंधरा वेळा आहे पण सोळाव्या वेळी नाही, तिच्या निवडीला पूर्ण निवड म्हणता येत नाही.

तरीही या पर्वाची एक जमेची बाजू नाकारता येणार नाही. आपल्याकडे मुलगी ‘दाखविण्याचा’ कार्यक्रम सर्व धर्मांत आहे. कोठे कांदेपोहे असतात, कोठे मश्शाता रिश्ता घेऊन येते आणि मागोमाग मुलाकडच्या बायका मुलीला पाहून जातात. मुलगी खाली मान घालून बसते. प्रश्न तिला विचारले जातात, ती विचारीत नाही. या मालिकेत बसण्याची जागा बदलली. सोळा पुरुष समोर उभे राहिले आणि प्रश्न एका बाईने विचारले. ती बाईही राजघराण्यातील नव्हती. मुंबईच्या साध्या घरातून नृत्याच्या बळावर पुढे आलेली आणि भाषेपासून पेहरावापर्यंत सतत हसू झेललेली अशी ती होती. तिच्या थट्टेत बराचसा भाग ‘हिने निवडायचे?’ या अविश्वासाचा होता. तो अविश्वास आपण तपासला पाहिजे, कारण तोच आपल्या घरातही असतो.

कल्याणचे दोन ग्रंथ

‘स्वयंवर’ या शब्दाचा इतिहास शोधण्यासाठी आपल्याला लांब जावे लागत नाही. आजचे बसवकल्याण ही चालुक्यांची राजधानी. तेथील सहावा विक्रमादित्य (इ. स. १०७६–११२६) याच्या दरबारी काश्मीरहून बिल्हण नावाचा कवी आला. त्याने ‘विक्रमांकदेवचरित’ हे अठरा सर्गांचे संस्कृत काव्य रचले. कऱ्हाडच्या शिलाहार घराण्यातील राजकन्या चंद्रलेखा हिने स्वयंवरात इतर राजांना डावलून विक्रमादित्यास वरले, असे वर्णन त्यात आहे. म्हणजे वधू आजच्या महाराष्ट्रातील आणि वर आजच्या बिदर जिल्ह्यातील, असे हे सीमाभागाचे स्वयंवर होय.

पण हे काव्य कोणी व कोणासाठी लिहिले हे विसरता कामा नये. बिल्हण हा वराचा आश्रित कवी होता. राजकन्येची निवड ही राजाच्या थोरवीचा पुरावा म्हणून येते. तिला काय हवे होते, याची नोंद करणे हा त्या काव्याचा उद्देश नव्हता. दूरचित्रवाणीचे स्वयंवर याच परंपरेतले आहे. फरक एवढाच की कवीच्या जागी कॅमेरा आहे आणि आश्रयदात्याच्या जागी वाहिनी.

याच विक्रमादित्याच्या कल्याणात विज्ञानेश्वर हा धर्मशास्त्रकार होता. याज्ञवल्क्य स्मृतीवरील त्याची ‘मिताक्षरा’ टीका पुढे भारताच्या मोठ्या भागात हिंदू कायद्याचा आधार झाली. या टीकेत स्त्रीधनाचा अर्थ व्यापक केलेला आहे. वारसाने किंवा खरेदीने आलेली मालमत्ताही त्याने त्यात धरली. एकाच नगरीत कवीने स्त्रीच्या निवडीचा सोहळा गायिला आणि शास्त्रकाराने तिच्या धनाची व्याख्या केली. स्त्रीच्या हाती काय राहिले असे विचारले तर उत्तर दुसऱ्या ग्रंथाकडे जास्त आहे.

कल्याणची तिसरी आठवण बाराव्या शतकाची आहे. शरण चळवळीत चर्मकार हरळय्याचा मुलगा आणि ब्राह्मण मधुवरस याची मुलगी यांचा विवाह झाला, त्याबद्दल दोन्ही बापांना बिज्जळाने देहान्त शासन दिले व कल्याणात रक्तपात झाला, असे परंपरा सांगते. गिरीश कार्नाड यांचे ‘तलेदंड’ हे कन्नड नाटक याच घटनेवर आहे. येथे स्वयंवर हा शब्द कोणी वापरला नाही. पण निवडीची किंमत काय असू शकते, ते या भूमीला या विवाहाने शिकविले. मालिकेच्या पडद्यावर जात, धर्म, हुंडा यांचे ओझे इतके हलके दिसते की निवड ही केवळ आवडीनिवडीची बाब वाटावी. ही त्या पर्वाची सर्वांत मोठी लबाडी आहे.

निकाहातील संमती

इस्लाममध्ये निकाह हा करार आहे. त्यात प्रस्ताव व स्वीकार म्हणजे ईजाब-कबूल लागतो, दोन साक्षीदार लागतात आणि मेहर ठरते. आपल्या भागात वकील व साक्षीदार जनानखान्यात जाऊन मुलीची रजा घेतात व निकाहनाम्यावर तिची सही होते. वधूला आधी पाहून घ्यावे, असा सल्ला हजरत मुगीरा बिन शोबा यांना पैगंबरसाहेबांनी दिल्याचे हदीसमध्ये आहे. खन्सा बिन्त खिदाम यांचा विवाह वडिलांनी त्यांच्या इच्छेविरुद्ध लावला, तेव्हा पैगंबरसाहेबांनी तो रद्द ठरविल्याचेही बुखारीत आले आहे. मुलीची निवड ही दूरचित्रवाणीने आणलेली नवलाई आहे, असे म्हणणाऱ्यांनी ही दोन उदाहरणे आठवावीत.

या दृष्टीने पाहता मालिका आणि निकाह यांतील फरक स्पष्ट होतो. मालिकेत निवड पाच आठवडे चालते, लाखो लोक पाहतात आणि शेवटी कोणावरही बंधन राहत नाही. निकाहात संमती काही क्षणांत विचारली जाते, ऐकणारे दोघे-तिघे असतात आणि तिच्यातून हक्क व कर्तव्ये निर्माण होतात. प्रेक्षक लाखो असले तरी ते साक्षीदार नव्हेत. साक्षीदाराला उद्या बोलावले तर यावे लागते व खरे सांगावे लागते. प्रेक्षक वाहिनी बदलून मोकळा होतो.

मात्र हा फरक सांगून आपण आपलीच पाठ थोपटून घेऊ नये. कुमारिकेचे मौन ही तिची संमती मानावी, ही सवलत तिच्या लज्जेचा मान राखण्यासाठी आहे. पण मौन हे उत्तर तेव्हाच ठरते, जेव्हा प्रश्न खरोखर विचारलेला असतो. मंडप पडला, दावत शिजली, जोड्याची रक्कम पोचती झाली आणि मग वकील आत गेला, तर त्या मुलीलाही सोळाव्या वेळी नकार उरलेला नसतो. मालिकेतील अंतिम भाग आणि आपल्या शादीखान्यातील तो क्षण यांत या एका बाबतीत फारसे अंतर नाही. मेहर मुलीला मिळावयाची असते ती कागदावर राहते आणि जोड्याची रक्कम, जिचा शरियतमध्ये आधार नाही, ती आधी रोख मोजली जाते. हा उलटा व्यवहार कोणत्याही वाहिनीने आपल्याला शिकविलेला नाही.

न झालेले लग्न

पर्वाच्या शेवटी लग्न झाले नाही, साखरपुडा झाला. एकमेकांना ओळखण्यास वेळ हवा, असे सांगण्यात आले. पुढे हा संबंध मोडला. त्यावेळी ‘फसवणूक’ हा शब्द सर्रास वापरला गेला. माझ्या मते संपूर्ण पर्वातील सर्वांत खरा निर्णय हाच होता. साच्याने जो नकार दिला नव्हता तो पुढे ढकलण्याच्या मार्गाने मिळविला गेला. त्यामागे वाहिनीचा हिशेब असेलही. परंतु वेळ मागणे हाही संमतीचाच भाग आहे, हे तत्त्व त्यामुळे खोटे ठरत नाही. आपल्याकडे मंगनी मोडली तर मुलीला डाग लागला असे म्हणतात, मुलाला नाही. निकाहानंतरच्या दुःखापेक्षा मंगनी मोडणे बरे, हे पालकसभेत स्पष्ट बोलण्याची गरज आहे.

याच मालिकेच्या दुसऱ्या पर्वात २०१० साली राहुल महाजन व डिंपी गांगुली यांचा विवाह पडद्यावर झाला. तो २०१५ साली घटस्फोटाने संपला. २०११ च्या तिसऱ्या पर्वातील रतन राजपूत यांचा साखरपुडाही विवाहापर्यंत गेला नाही. वाहिनी स्वतःच २०१२ साली बंद पडली. २०२२ साली गायक मिका सिंग यांच्यासाठी दुसऱ्या वाहिनीने हाच साचा पुन्हा काढला. घटस्फोट झाला म्हणून मालिका वाईट असा निष्कर्ष मात्र काढू नये. ठरवून झालेली लग्नेही मोडतात. प्रश्न आहे तो मोडल्यावर स्त्रीच्या हाती काय उरते याचा.

अध्यापकांसाठी

अशा मालिका विद्यार्थ्यांनी पाहू नयेत, असा फतवा काढून उपयोग नाही. त्या पाहिल्या जातात. त्याऐवजी वर्गात पुढील गोष्टी करता येतील.

१. एखाद्या भागातील प्रश्न विद्यार्थ्यांना लिहून काढावयास सांगावे. त्यांपैकी शिक्षण, नोकरी, कर्ज, राहण्याचे ठिकाण, सासरचे लोक यांविषयी किती आहेत ते मोजावे. मग स्वतःच्या घरी रिश्ता आल्यास कोणते प्रश्न विचारले जातात व कोण विचारतो, याची तुलना करावी.

२. कोरा निकाहनामा वर्गात आणून त्याचा प्रत्येक रकाना वाचावा. मेहर त्वरित देय की मुदतीनंतर देय, हे रकाने भरण्याआधी मुलीने पाहिले पाहिजेत. हिंदू विद्यार्थिनींसाठी विवाह नोंदणीचा अर्ज असाच वाचता येईल.

३. २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा व त्यावरील कर्नाटकाची दुरुस्ती समजावून द्यावी. मूळ कायद्यात बालविवाह हा अल्पवयीन पक्षाच्या इच्छेने रद्द होऊ शकणारा होता. कर्नाटकाच्या दुरुस्तीने तो मुळातच अवैध ठरविला. वयाआधीच्या होकाराला होकार म्हणत नाहीत, हे त्यातून समजते.

समारोप

‘राखी का स्वयंवर’ या पर्वाचा दोष त्यात नाचगाणे होते हा नव्हे. निवडीचा देखावा मोठा केला आणि निवडीला लागणारा आधार, म्हणजे नकाराची मोकळीक, वेळ, लेखी करार व स्वतःचे धन, दाखविलाच नाही, हा तिचा दोष आहे. प्रश्न विचारणाऱ्या जागेवर एका स्त्रीला बसविले, हा तिचा गुण आहे. आपल्या परंपरेत हा आधार आहे, परंतु ती जागा आपण बहुतेक वेळा मुलीला देत नाही. मालिकेवर हसणे सोपे आहे. आपल्या विद्यार्थिनीला तारीख ठरण्याच्या आधी, मंडप पडण्याच्या आधी, प्रश्न विचारला जाईल आणि तिचे उत्तर ‘नाही’ असले तरी ऐकले जाईल, एवढे पाहणे अवघड आहे. ते काम मात्र अध्यापकांच्या आवाक्यातले आहे, कारण घराबाहेर तिचे ऐकून घेणारी पहिली व्यक्ती बहुधा तेच असतात.