रणभूमीचे निवेदन आणि ‘आपण’

रणभूमी पाहायला जाणे या क्रियेतच एक विसंगती आहे. किल्ल्यावर तट-बुरूज असतात, लेण्यांत शिल्पे असतात. रणभूमीवर मात्र पाहण्याजोगे बहुधा काहीच शिल्लक नसते. नांगरलेली शेते, एखादा स्तंभ, जवळून जाणारा रस्ता. या रिकाम्या जागेवर प्रेक्षकाला जे ‘दिसते’, ते निवेदनाने निर्माण केलेले असते. मार्गदर्शकासोबतची रणभूमीची सहल ही एक मौखिक संहिता आहे असे मानून तिचे वाचन करता येईल काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

काही वर्षांपूर्वी सोलापुरातून निघालेल्या एका सहलीबरोबर मी पानिपतला गेलो होतो. शहराबाहेर ‘काला आंब’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्मारकाच्या आवारात आम्ही उतरलो. ज्या आंब्यावरून हे नाव पडले तो केव्हाच नाहीसा झाला आहे. आमचे मार्गदर्शक व्यासंगी होते. हात लांबवून त्यांनी समोरच्या शेतांवर १४ जानेवारी १७६१ चा दिवस उभा केला : आपला तोफखाना इकडे, आपले हुजुरातीचे पथक मध्यभागी, येथे आपण जिंकत आलो होतो. ऐकणाऱ्यांपैकी काहींनी डोळे पुसले. मीही हेलावलो होतो, हे मान्य केले पाहिजे. परतीच्या प्रवासात या परिणामाचे मूळ शोधू लागलो, तेव्हा लक्षात आले की त्या निवेदनाचा सारा भार एका सर्वनामावर होता.

मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांत भेद आहे. ‘आम्ही’ श्रोत्याला वगळते, ‘आपण’ त्याला सामावून घेते. ‘आम्ही हरलो’ असे म्हणणारा आपली कथा सांगतो. ‘आपण हरलो’ असे म्हणणारा ऐकणाऱ्याला पराभवात वाटेकरी करून घेतो. व्याकरणाची ही सोय रणभूमीवर विचारप्रणालीचे कार्य करू लागते, आणि ते कार्य इतके सहज घडते की कोणाला त्याची जाणीवही होत नाही.

या संदर्भात बखरीशी तुलना उद्‌बोधक ठरते. बखर पुष्कळदा कोणा वरिष्ठाच्या आज्ञेवरून, त्याला निवेदन करण्यासाठी लिहिल्याचा आविर्भाव धारण करते. त्यामुळे बखरकाराच्या भावनेला कितीही भरते आले तरी सांगणारा आणि ऐकणारा यांत अंतर राहते. ‘भाऊसाहेबांची बखर’ शोकाला दैवाची चौकट देते. पण वाचकाला सैन्यात भरती करून घेत नाही. विश्वास पाटील यांच्या ‘पानिपत’ (१९८८) या कादंबरीने भाऊसाहेबांना आधुनिक वाचकाच्या सहानुभूतीच्या केंद्रस्थानी आणले. सहलीचा निवेदक बखरीतून दैव घेतो, कादंबरीतून नायक घेतो, आणि स्वतःच्या पदरचे ‘आपण’ त्यांत घालतो. बखरीतला वरिष्ठ श्रोता येथे नाहीसा होतो आणि त्याचे आसन बसमधून उतरलेल्या समूहाला मिळते.

या संहितेची दोन वैशिष्ट्ये नोंदवली पाहिजेत. पहिले, तिचा काळ थांब्यांनी ठरतो. लढाईचा दिवस दाखवता येतो. तिच्याआधीचे सुमारे अडीच महिन्यांचे कोंडलेपण आणि उपासमार कोठे उभे राहून दाखवणार? भुकेला थांबा नसतो. परिणामी विश्वासरावांना गोळी लागण्याचा क्षण विस्तारतो आणि लष्करासोबत आलेले यात्रेकरू, बायकामुले, बाजारबुणगे यांचे हाल एका वाक्यात आटोपतात. दुसरे वैशिष्ट्य म्हणजे ‘जर-तर’ची रचना. जर अमुक सरदार थांबता, जर तमुक सल्ला मानला जाता, अशा वाक्यांनी पराभव हा जणू विजयाचीच चुकलेली आवृत्ती ठरतो. त्र्यं. शं. शेजवलकरांनी ‘पानिपत : १७६१’ या ग्रंथात जे प्रश्न कारणमीमांसेच्या पातळीवर चर्चिले, ते येथे हळहळीच्या पातळीवर उतरतात.

या ‘आपण’मध्ये कोण बसते आणि कोण बसत नाही? इब्राहिमखान गारद्याला निवेदक आदराने आत घेतात, मात्र त्याच्या निष्ठेचे कौतुक अपवाद म्हणून होते. काशीराज पंडिताचे काय करायचे? हा दक्षिणी ब्राह्मण शुजाउद्दौल्याच्या पदरी होता. लढाई त्याने विरुद्ध बाजूच्या छावणीतून पाहिली आणि तिचा वृत्तान्त फार्सीत लिहिला. आपल्या निवेदनातील कितीतरी तपशील त्याच्याच डोळ्यांनी पाहिलेले आहेत. तो स्वतः मात्र आपल्या ‘आपण’मध्ये मावत नाही.

सर्वनामाची ही घडण बदलू शकते, याचे उदाहरण कोरेगाव भीमा येथे आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईचा स्तंभ कंपनी सरकारने स्वतःच्या गौरवासाठी उभारला. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे गेले आणि पुढे त्या भेटीची परंपरा झाली. स्तंभावर कोरलेल्या महार सैनिकांच्या नावांनी तेथे येणाऱ्यांना वेगळे ‘आपण’ दिले. उभारणाऱ्याच्या हेतूला ओलांडून केलेले हे स्तंभाचे वाचन आहे. कोणतेही ‘आपण’ निवडीनेच घडते, त्यामुळे हेही प्रश्नांच्या पलीकडचे नाही. फरक असा की आपण प्रस्थापित कथनाविरुद्ध वाचत आहोत, याचे भान त्या वाचनात आहे. पानिपतच्या ‘आपण’ला मात्र स्वतःची निवड झाल्याचेच स्मरण नसते.

हा विचार करीत मी सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यापाशी येतो, कारण तीही रणभूमी आहे. मे १८१८ मध्ये जनरल मन्‍रोच्या सैन्याने येथे दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेशी लढाई केली. तटाबाहेरचे पायदळ सीना नदीच्या दिशेने हटत असता त्याचा पाठलाग झाला आणि काही दिवसांतच किल्ला पडला. आज तेथे बाग आहे. आमचे विद्यार्थी तेथे अभ्यासाला बसतात. कोणी हात लांबवून काही दाखवत नाही. पानिपतला जाण्यासाठी दोन दिवसांचा प्रवास करणारे आपण या तटाजवळून रोज जातो.

समजा, उद्या येथे कोणी निवेदन करू लागला, तर त्याने ‘आपण’ कोणाला म्हणावे? बाजीरावाच्या शिपायांना? मन्‍रोच्या सैन्यातही मद्रास पलटणींतले देशी शिपाईच होते. समोर बसलेल्या वर्गात कोणाच्या घरी कन्नड बोलतात, कोणाच्या तेलुगू, कोणाच्या उर्दू. त्यांचे पूर्वज कोणत्या तटाच्या कोणत्या बाजूला होते, किंवा दोन्हीपासून दूर हातमागावर होते, हे कसे ठरवायचे? येथे सर्वनाम जिभेवर येऊन अडते. पानिपतच्या मोकळ्या रानात ते अडले नाही, कारण तेथे अडवणारे कोणी नव्हते.

हे अडणे म्हणजे निवेदकाची असमर्थता समजू नये. रणभूमीच्या निवेदनाची समीक्षा तेथूनच सुरू होऊ शकते. मराठीच्या अभ्यासवर्गांनी पानिपतला अवश्य जावे, पण त्यापूर्वी एकदा या बागेत बसून ‘आपण’ हा शब्द वापरल्याशिवाय १८१८ ची लढाई सांगून पाहावी.