निसर्गचित्रापासून बिंदूपर्यंत : सय्यद हैदर रझा यांच्या चित्रांतील भूमी आणि श्रद्धा

सय्यद हैदर रझा (१९२२-२०१६) यांच्या चित्रनिर्मितीचा विचार करताना समीक्षक सामान्यतः तिचे दोन कालखंड पाडतात. पहिला निसर्गचित्रकार रझा यांचा, तर दुसरा बिंदूच्या उपासकाचा. मुंबईत आणि फ्रान्समध्ये ते निसर्ग रंगवीत होते व १९८० च्या सुमारास निसर्ग सोडून त्यांनी अध्यात्माची कास धरली, असा या मांडणीचा आशय असतो. वर्गात शिकविण्यासाठी ती सोयीची आहे. परंतु चित्रांसमोर ती टिकत नाही. रझा यांचा बिंदू हा निसर्गचित्राचा त्याग नसून एका स्थलांतरिताचे निसर्गचित्र आहे, आणि जेथे भूमीशी असलेले त्याचे हे नाते तुटते तेथे बिंदूही निष्प्रभ होतो.

रझा यांचा जन्म मंडला जिल्ह्यातील बाबरिया येथला. वडील वनखात्यात नोकरीला. घनदाट अरण्य, तेथील भयप्रद रात्री आणि गोंडांची नृत्ये यांचा ठसा त्यांनी पुढे वारंवार सांगितला आहे. शाळेत मन स्थिर राहावे म्हणून शिक्षकांनी भिंतीवर एक ठिपका काढून त्यांना त्याकडे पाहावयास लावले, ही आठवण सर्वश्रुत आहे. तिच्यावर समीक्षेने गरजेपेक्षा अधिक भार टाकला आहे. ठिपक्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, अरण्यातील काळोख या चित्रांत महत्त्वाचा आहे. शहापूर-मुरबाडच्या जंगलपट्ट्यात वीज पोहोचण्यापूर्वीची रात्र ज्याने अनुभवली आहे, त्याला रझा यांचा काळा रंग समजावून सांगावा लागणार नाही.

नागपूरच्या कलाशाळेत १९३९ ते १९४३ या काळात शिक्षण घेऊन रझा मुंबईस आले. या वर्षांतील त्यांची जलरंगचित्रे दृक्प्रत्ययवादाच्या जवळची आहेत. रस्ते आणि इमारती तेथे रेषेने बांधलेल्या नाहीत. ओल्या रंगाच्या वेगवान फटकाऱ्यांतून त्या क्षणाचा प्रकाश पकडलेला आहे. विशेष म्हणजे युरोपीय चित्रकलेचे संस्कार रझा यांच्यावर मुंबईतच, तेही निर्वासितांकडून झाले. नाझी राजवटीमुळे मायभूमी सोडून आलेले वॉल्टर लँगहॅमर, रुडी फॉन लायडन आणि इमॅन्युएल श्लेसिंगर यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या तरुण चित्रकारांना दिलेला आधार सुपरिचित आहे. पुढे स्वतः स्थलांतरित होणाऱ्या चित्रकाराला घडविणारे हे लोकही परमुलखातले होते.

फाळणीनंतर रझा यांचे अनेक जवळचे नातलग पाकिस्तानात गेले. ते मात्र येथेच राहिले. १९५० मध्ये शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेल्यानंतर त्यांचे वास्तव्य सहा दशके फ्रान्समध्ये होते, तरी भारतीय नागरिकत्व त्यांनी सोडले नाही. ‘हो द कान्य’ (१९५१) सारख्या चित्रात घरे घनाकार, काटेकोर रचनेत उभी राहतात. येथे सेझानचा अभ्यास स्पष्ट दिसतो, पण भूमी परकी आहे आणि चित्रकार तिच्याकडे पाहुण्यासारखा पाहतो. १९६२ मध्ये बर्कले येथे अध्यापनासाठी गेले असता त्यांना मार्क रॉथको यांच्या चित्रांचा परिचय झाला. त्यानंतर घरे विरघळू लागतात, रंगच जागा व्यापतो. ‘तपोवन’ (१९७२) मध्ये समोर दिसणारे गाव उरत नाही. काळ्या-तांबड्या घनतेतून स्मरणातले अरण्य वर येते.

‘मा’ (१९८१) हे या प्रवासातील सर्वांत महत्त्वाचे चित्र मानावे लागेल. त्यावर अशोक वाजपेयी यांच्या कवितेतील ओळ देवनागरीत लिहिलेली आहे, आणि ती परतू पाहणाऱ्याने आईला उद्देशून म्हटलेली आहे. काळा बिंदू येथे तत्त्वज्ञानाची आकृती म्हणून येत नाही. दूर राहिलेली जमीन म्हणून येतो. ‘सौराष्ट्र’ (१९८३) मध्येही भूमितीच्या चौकटी आहेत; पण त्यांच्या आत तांबडा, केशरी रंग अस्वस्थपणे हलतो. कुंचल्याचे फटकारे चौकटीला जुमानत नाहीत. मशीद, मंदिर आणि चर्च या तिन्ही ठिकाणी जाणाऱ्या या चित्रकाराची श्रद्धा येथे रंगाच्या अंगाने व्यक्त होते.

नंतरच्या अनेक चित्रांबद्दल असे म्हणता येत नाही. कडा स्वच्छ होतात, त्रिकोण-वर्तुळे जागच्या जागी बसतात आणि प्रकृती-पुरुष, पंचतत्त्व, कुंडलिनी अशी शीर्षके चित्राचे काम करू लागतात. या ठिकाणी समीक्षेने प्रश्न विचारावयास हवे होते. तिने ‘आध्यात्मिक’ हा शब्द उच्चारून हात जोडले. ठाणे-पालघरच्या डोंगराळ भागातील वारली लग्नचौकाशी तुलना केली तर अडचण ध्यानी येते. तोही भौमितिक आहे, मध्यभागी पालघट देवी आहे. पण सवाशिणींनी तो लग्नासाठी लिहिलेला असतो आणि विधीने त्याला अर्थ दिलेला असतो. कलादालनातील बिंदूला असा विधी नाही. त्याला आधार फक्त रंगाचा. तो पातळ झाला की आकृती उरते, मग तिचे शीर्षक कितीही प्राचीन असो.

पत्नी जानिन मोंजिला यांच्या २००२ मधील निधनानंतर काही वर्षांनी, २०१० च्या अखेरीस, रझा कायमचे दिल्लीस परतले. २३ जुलै २०१६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार मंडला येथे वडिलांच्या कबरीशेजारी त्यांचे दफन करण्यात आले.