सह्याद्रीचा कडा ही खंडाची कड नव्हे

मागच्या व्याख्यानात दख्खनचा कातळ थरावर थर कसा साचत गेला ते आपण पाहिलं. त्यानंतर सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न असा: ‘कोकण खाली खचलं, सह्याद्री जागेवर राहिला, म्हणून हा कडा उभा आहे, बरोबर ना?’ भूगोलाच्या तासाला, ट्रेकच्या माहितीत, घाटातल्या गप्पांत हेच उत्तर मिळतं. आज आम्ही या उत्तराचीच तपासणी करणार आहोत. ते सरसकट चूक नाही. पण जमीन जिथे तुटली ती जागा त्यात चुकली आहे, आणि ती चूक निरुपद्रवी नाही.

आधी त्याची बाजू ऐकू. कडा मैलोन् मैल उत्तर-दक्षिण जातो. किनाराही जवळपास तसाच सरळ. वज्रेश्वरी, उन्हवरे, राजापूर अशी गरम पाण्याची कुंडं कोकणात सापडतात. हे पाहून कुणालाही वाटेल, की इथे प्रस्तरभंग झाला आणि पश्चिमेची बाजू खाली गेली. शिवाय भारत आणि सेशेल्स एकमेकांपासून सुटले हे खरंच आहे. लाव्हाचा मुख्य भर 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या आसपास होता, आणि त्यानंतर साधारण तीसेक लाख वर्षांत ही फारकत झाली. म्हणजे तुटणं झालं, यात वाद नाही. ते कड्याच्या पायथ्याशी झालं का, एवढाच प्रश्न आहे.

आता माथेरान आठवा. चिंचवडहून लोकल किंवा बाइक काढून माथेरान, प्रबळगड, इर्शाळगड केलेले कितीतरी जण इथे बसलेत. हे सगळे डोंगर कड्याच्या पश्चिमेला, म्हणजे ‘खचलेल्या’ बाजूला आहेत. तरी माथेरानचा सपाट माथा सुमारे 800 मीटर उंच आहे. लोणावळा त्याहून खाली. कड्याच्या पायथ्यापासून कोकण शेकडो मीटर घसरलं असतं, तर माथेरानही सोबत घसरलं असतं. तसं दिसत नाही. थर जवळजवळ आडवे आहेत आणि समोरच्या घाटमाथ्याशी मोठी पायरी न पडता जुळतात. हे डोंगर म्हणजे झिजून गेलेल्या पठाराचे उरलेले तुकडे. थर ठळकपणे वाकतात ते पनवेलपासून पुढे. मुंबईत ते दहा-पंधरा अंशांनी समुद्राकडे कललेले दिसतात. या वाकात प्रस्तरभंगांचा वाटा किती, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण तो वाक कड्यापाशी नाही.

दुसरी साक्ष आपल्या दारातली. पवना आणि इंद्रायणी समुद्रापासून शंभरेक किलोमीटरच्या आत उगम पावतात आणि त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेला जातात. त्यांचं पाणी भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराला मिळतं. इंद्रायणीचं खोरं तर कड्यापाशीच बऱ्यापैकी रुंद आहे. बारक्या ओढ्याला एवढं खोरं कोरता येत नाही. वरचा भाग कड्यानं मागे सरकताना खाऊन टाकला असावा, हा त्याचा सरळ अर्थ.

हा विचार नवा नाही. क्लिफ ऑलिअर आणि पुण्यातले भूशास्त्रज्ञ के. बी. पवार यांनी 1985 साली घाटांकडे झिजेनं घडलेला कडा म्हणून पाहिलं. 1996 साली विडोसन आणि कॉक्स यांनी जांभा आणि नद्यांच्या मांडणीवरून झीज आणि उचल यांची सांगड घातली. चाकणच्या भाषेत सांगायचं तर टेम्पोतला माल उतरवला की पाटे सैल होतात आणि हौदा वर येतो. कोकणातला कातळ नद्यांनी वाहून नेला, ओझं कमी झालं, तशी जमीन वर उचलली गेली. कडा उंच राहिला तो यामुळेही.

मग जमीन खरी तुटली कुठे? समुद्राखाली. मुंबईसमोर समुद्रबूड जमीन सुमारे 300 किलोमीटर रुंद आहे. 1974 साली जिथे तेल लागलं ते बॉम्बे हाय किनाऱ्यापासून सुमारे 160 किलोमीटरवर, आणि तेही याच समुद्रबूड जमिनीवर. तिथे खाली प्रस्तरभंगांनी वर राहिलेले आणि खाली गेलेले ठोकळे आहेत. ‘खचलं’ हा शब्द तिथे शोभतो. त्यापुढे खंडान्त उतार आणि लक्ष्मी खोरं. 2015 साली ‘जॉइडिस रेझोल्यूशन’ या जहाजानं तिथे साडेतीन किलोमीटर पाण्याखाली छिद्रं पाडली. त्यांपैकी एका ठिकाणी सुमारे एक किलोमीटर गाळ भेदल्यावर बेसॉल्ट लागला. तो खंडाचा ताणलेला तुकडा की सागरी कवच, यावर वाद आहे. खंडाची कड अशीच असते: एक रेघ नव्हे, तर शेकडो किलोमीटरचा पट्टा.

इथे आम्हाला शास्त्रज्ञांच्या शब्दावरही बोट ठेवायचं आहे. अशा कडेला ते ‘निष्क्रिय’ म्हणतात. अर्थ एवढाच, की तिथे दोन भूपट्ट एकमेकांवर घासत नाहीत. ऐकणाऱ्याला मात्र वाटतं, सगळं संपलं. त्याच 2015 च्या छिद्रांत ‘नटराज’ नावाच्या समुद्राखालच्या दरडीचा मलबा मिळाला. सुमारे 1 कोटी 8 लाख वर्षांपूर्वी कोसळलेली ही दरड जवळपास 19,000 घन किलोमीटरची आहे. फारकतीनंतर पाच कोटी वर्षं उलटल्यावर कोसळलेली!

‘कोकण खचलं’ या वाक्याचा दोष हाच, की ते कड्याला पूर्ण झालेली घटना ठरवतं. कडा किनाऱ्याजवळून निघून साठेक किलोमीटर मागे आला असं धरलं, तर सहा कोटी वर्षांत सरासरी पडते वर्षाला एक मिलिमीटर. पण ही सरासरी फसवी आहे. वेग सगळीकडे, सगळा काळ सारखा नसतो. वर्षानुवर्षं काहीच होत नाही आणि मग एका पावसात उतार सुटतो. 30 जुलै 2014 ला आंबेगाव तालुक्यातल्या माळीणमध्ये दीडशेहून अधिक माणसं गेली. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडी गाडली गेली, ज्या डोंगरांची साक्ष आपण आत्ताच काढली त्यांच्याच कुशीत. दरडीला पाऊस, मातीची जाडी, उतारावर माणसानं केलेली कामं अशी अनेक कारणं असतात. सगळा दोष भूगर्भाला देणं चूक ठरेल. पण कडा अजून झिजतो आहे हे ज्या मुलाला शाळेत कळलं, तो मोठेपणी उतारावर घर, रस्ता किंवा रिसॉर्ट काढताना वेगळे प्रश्न विचारेल.

म्हणून आमची सूचना साधी आहे. ‘कोकण खचलं’ऐवजी ‘जमीन समुद्राखाली तुटली, आणि कडा झिजत मागे आला’ एवढं सांगूया. पावसाळा संपला की प्रबळगडावर जा, पूर्वेकडे तोंड करून बसा आणि समोरच्या कड्याचे थर आपल्या पायाखालच्या थरांशी जुळवून पाहा. आता प्रश्न घेऊ.