गळ्यावरून वय ओळखावे काय?

जुन्या फोटोतल्या मुलाचे वय त्याच्या कॉलरवरून सांगता येते, असे फोटोंच्या संग्राहकांत मानले जाते. घराण्यांचे इतिहास लिहिणारी आपल्याकडची हौशी मंडळीही हा ठोकताळा वापरताना दिसतात. रुंद, खांद्यांवर पसरलेली कॉलर दिसली की मूल सात-आठ वर्षांचे. अरुंद, ताठ आणि टायने आवळलेली दिसली की पंधराच्या पुढचे. मराठी मुलांच्या फोटोंना हे माप लावले की वये चुकतात, आणि वय चुकले की माणूसच चुकतो. फोटोच्या पाठीवर नाव नसले, तर समोरचा मुलगा म्हणजे पणजोबा की लहानपणीच गेलेला त्यांचा थोरला भाऊ, हे ठरवायला वयाखेरीज फारसे काही हाती नसते.

हे माप इंग्लंड-अमेरिकेचे आहे आणि तिथे ते बऱ्यापैकी चालते. व्हिक्टोरिया राणीच्या थोरल्या मुलाचे, पुढच्या सातव्या एडवर्डचे, खलाशी पोशाखातले चित्र विंटरहाल्टरने १८४६ मध्ये काढले. तेव्हा तो पाच वर्षांचाही नव्हता. त्या चित्रानंतर पाठीवर चौकोनी पडणारी खलाशी कॉलर लहान मुलांची ठरून गेली. १८८६ मध्ये 'लिटल लॉर्ड फॉन्टलरॉय' पुस्तकरूपाने आले आणि आयांनी मुलांना मखमली कोटावर लेसची कॉलर चढवली. ईटनच्या शाळेत तर हिशेब इंचांवर होता. पाच फूट चार इंचांपेक्षा ठेंगण्या मुलाने आखूड कोट घालायचा आणि खळीची रुंद पांढरी कॉलर कोटाच्या बाहेर काढायची; उंची वाढली की लांब शेपटांचा कोट. हा आखूड कोट १९६७ पर्यंत टिकला. वयाची म्हणून मिरवणारी कॉलर खुद्द ईटनमध्ये उंचीला बांधलेली होती, हे ठोकताळेवाल्यांच्या लक्षात येत नाही.

आपल्याकडे मुळात गळ्याला पट्टीच नव्हती. तान्ह्याचे झबले मागे नाडीने बांधायचे. पुढे अंगरखा, बाराबंदी, पैरण. बंदांची असोत की गुंड्यांची, दुमडून पसरायची कॉलर कशालाच नाही. नातू आणि आजोबा यांच्या गळ्यांत फरक नसेल, तर वय दुसरीकडे दिसणार. ते डोक्यावर दिसे आणि पायांवर दिसे: टोपडे, टोपी, मग पगडी किंवा पागोटे, लंगोटी, मग धोतर. पुढे हाफ पँट आणि फुल पँट आल्या तेव्हा त्यांनी धोतराचेच काम उचलले. कितीतरी शाळांत आठवीला फुल पँट मिळे आणि मुलगा 'मोठा' होई. त्याची कॉलर मात्र सातवीत होती तीच राही.

कॉलर आली ती सदऱ्याचा शर्ट झाला तेव्हा, म्हणजे शाळेच्या आणि नोकरीच्या वाटेने. माझ्या विरार परिसरापुरते बोलायचे, तर रेल्वेच्या वाटेने. विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली लोकल गाडी १२ एप्रिल १८६७ रोजी सुटली. फुलपाडा, आगाशी, नंदाखाल इथल्या ट्रंकांतून निघालेले जे फोटो मी पाहिले, त्यांत कॉलर आधी दिसते ती गाडीने जाणाऱ्या बापाच्या गळ्यात, मग मुलाच्या. शेतावर राहिलेल्या चुलत्याच्या मुलाला, तो वयाने मोठा असूनही, कॉलर नाही. इंग्रजीने कचेरीतल्या माणसाला 'व्हाइट कॉलर' म्हटले ते विसाव्या शतकात. आपला 'पांढरपेशा' त्याहून जुना, आणि त्याचे अंगावरचे सगळेच कापड पांढरे. गळा वेगळा काढून पाहण्याची आपल्या भाषेला सवयच नव्हती. कोणाला धरायचे तर आपण मानगूट धरत होतो, बखोट धरत होतो. कॉलर धरणे आणि कॉलर ताठ करणे ही मागाहून आलेली भाषा आहे, आणि तिच्यातही वय नाही, तोरा आहे.

हा तोरा सर्वांना सारखा परवडणारा नव्हता. कपड्यावरून जात ओळखू येण्याच्या समाजात नवी कॉलर म्हणजे निव्वळ फॅशन नसते. डॉ. आंबेडकरांनी डिसेंबर १९२७ मध्ये महाडला जमलेल्या स्त्रियांना जातीची खूण सांगणारी नेसण्याची रीत सोडायला सांगितले. त्यांचे स्वतःचे कोट, कॉलर आणि टाय त्याच विचाराने पाहावे लागतात. त्या काळच्या एखाद्या दलित कुटुंबाच्या फोटोत मुलाचा गळा कडक कॉलरने बंद केलेला असेल, तर तिथे वयाचा तक्ता उघडून बसणे मला अरसिकपणाचेच नव्हे, आंधळेपणाचे वाटते.

आता शिंप्याचे ऐका. मुलाचे कपडे 'वाढत्या अंगाचे' शिवायचे, हा आपल्याकडचा सार्वत्रिक हुकूम. बाहीला दुमड, पँटच्या पायाला दुमड, कुशीच्या शिवणीत माया. मूल वाढले की टीप उसवायची आणि कापड सोडायचे. पण कॉलरमध्ये माया ठेवता येत नाही. आत बकरम घालून ती एकदा शिवली की तेवढीच. म्हणून ती आधीच मोठी कापायची. दहा वर्षांच्या गळ्यात तेराची कॉलर लोंबते आणि तक्तेवाले रुंदी पाहून त्याला सातचा ठरवतात! तीच कॉलर तीन वर्षांनी आवळायला लागते, वरची गुंडी लागत नाही, मग ती उघडी टाकून कोटाच्या कॉलरवर पसरायची. १९३० ते ६० च्या दरम्यानच्या फोटोंत हा थाट हमखास दिसतो, आणि तो बाप्यांनीही उचललेला आहे. कडा झिजल्या की कॉलर उसवून उलटवायची. त्यानंतर तो शर्ट धाकट्याला. एकच कॉलर दोन भावांच्या चार-पाच निरनिराळ्या वयांना पुरून उरली, अशी घरे कमी नव्हती. त्यातून स्टुडिओवाला फोटोपुरता कोट आणि टाय उसना देत असे, तो आणखी वेगळा घोळ.

वयाला खरोखर बांधलेली कॉलर या भागात मला एकाच ठिकाणी सापडते: कॅथलिक घरांत. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती. ते गेले, चर्च आणि गावे राहिली. दहाव्या पायस पोपने १९१० मध्ये पहिल्या कम्युनियनचे वय सातच्या आसपास आणले. त्याआधी अनेक देशांत दहा-बारापर्यंत थांबत. त्यामुळे हातात मेणबत्ती आणि पांढऱ्या शर्टाची कॉलर नीट बसवलेला मुलगा दिसला आणि फोटो १९१० नंतरचा असला, तर सात-आठ वर्षे म्हणायला आधार आहे. पण आधार कॉलरचा नव्हे, मेणबत्तीचा. शेजारच्याच आळीत त्याच वयाच्या ब्राह्मण मुलाची मुंज चाललेली असे. तिथे आठव्या वर्षी शिवलेले कपडे अंगावरून उतरवत, कमरेला लंगोटी बांधत आणि उघड्या गळ्यात जानवे घालत. एका मुलाला ज्या वयात कॉलर मिळते, त्याच वयात दुसऱ्याचा गळा मोकळा होतो. हे दोन फोटो शेजारी ठेवले तर तक्ता कोणाच्या बाजूने साक्ष देणार?

ट्रंक उघडणाऱ्याने म्हणून गळा शेवटी पाहावा. आधी पाय पाहावेत: चड्डी की धोतर की फुल पँट. मग खांद्याची शिवण. ती दंडावर उतरली असेल तर कपडा नवा आणि मूल त्यात अजून मावायचे आहे. शिवण खांद्यावर चपखल असून बाहीच्या टोकाशी दुमड सोडल्याची जुनी आडवी रेघ दिसत असेल, तर शर्ट निदान दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातला आहे, किंवा थोरल्याकडून आलेला. फोटो चांगला उजळ असेल तर भिंगातून ती रेघ दिसते. बाहीच्या इतर कापडाहून ती किंचित गडद असते, कारण तिथे ऊन आणि साबण उशिरा पोहोचलेले असतात.