भट्टी भिंतीआड गेली: नव्या बेकऱ्यांच्या सजावटीविषयी

विषय कळवा असा संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांना माझ्याकडून कांट किंवा शंकराचार्य अपेक्षित असावेत. मी ‘बेकरीचं दुकान’ असं कळवलं. त्यानंतर दोन दिवस त्यांच्याकडून काही निरोप नव्हता! पण आयुष्यभर सौंदर्यशास्त्र शिकवलेल्या माणसानं रस्त्यावरच्या दुकानाकडे बघायचं नाही, तर बघायचं कशाकडे? रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’तले प्रश्न कॉलेज रोडवरून चालताना पडत नसतील, तर ते वर्गात शिकवण्यात फारसा अर्थ नाही.

तर कॉलेज रोड, गंगापूर रोड. गेल्या काही वर्षांत इथे ज्या नव्या बेकऱ्या झाल्या, त्या डोळ्यांसमोर आणा. नावं घेत नाही, घेण्याची गरजही नाही, कारण आतून त्या जवळजवळ सारख्याच आहेत. एक भिंत विटांची. म्हणजे जिप्सम बोर्डावर चिकटवलेल्या विटांच्या पातळ टाइलची. दुसऱ्या भिंतीवर उभ्या पट्ट्यांचं पॅनेल. छतावरून लोंबणारे पिवळे बल्ब, कोपऱ्यात प्लास्टिकचं गवत, त्यावर निऑनमध्ये लिहिलेलं एखादं इंग्रजी वाक्य. फुलदाणीत गव्हाच्या वाळलेल्या लोंब्या. वक्र काचेचा थंड शोकेस, त्यात केक. आणि काचेचं जाड दार, आपोआप मिटणारं.

याला वाईट म्हणण्याआधी जुनी बेकरी आठवू. तिचं गुणगान करायला मी उभा नाही. पत्र्याचे काळे ट्रे, काचेचं कपाट, त्यात खारी, टोस्ट, बटर. मागे अंधार, धूर, आणि मैद्याच्या पोत्यांवरच झोपणारी कामगार पोरं. स्वच्छतेच्या नावानं आनंद होता. पण एक गोष्ट होती. दिवाळीच्या आधी घरोघरून बायका मैदा, रवा, तूप, पिठीसाखर डब्यांत घालून बेकरीत न्यायच्या आणि नानकटाई भाजून आणायच्या. भाजणावळ द्यायची आणि नंबर येईपर्यंत तिथंच थांबायचं. ट्रे आत जाताना दिसायचा, बाहेर येताना दिसायचा. करपली तर भांडण भट्टीवाल्याशी समोरासमोर. गिऱ्हाईक आणि भट्टी यांच्यात फार तर एक फळी असायची.

नव्या दुकानात भट्टी कुठे आहे? बहुधा तळघरात, मागच्या गाळ्यात, नाहीतर अंबड-सातपूरकडच्या एखाद्या शेडमध्ये. दुकानात माल टेम्पोनं येतो. त्यात गैर काही नाही. जागेचे भाव, नियम, सगळं समजण्यासारखं आहे. प्रश्न असा की भट्टी गेल्यावर तिच्या जागी तिचं चित्र का लावायचं? त्या खोट्या विटा म्हणजे भट्टीचं चित्रच आहे. आत विजेवर चालणारा स्टीलचा ओव्हन, बाहेर विटांची भिंत.

इथे प्लेटोची मदत घेऊ. ‘गॉर्जियस’ नावाच्या संवादात सॉक्रेटिस म्हणतो की पाककला ही वैद्यकाची नक्कल आहे आणि प्रसाधन ही व्यायामाची. दोन्ही खुशामतीच्या जातीच्या. कारण? त्या सुख देतात, पण आपण जे करतो ते का करतो याचा हिशेब त्यांना देता येत नाही. गंमत म्हणजे त्याच संवादात थेअरियन नावाचा एक बेकरीवालाही येतो, शरीराची सेवा करणाऱ्या नामांकित लोकांच्या यादीत. सॉक्रेटिसला ती यादी पसंत नाही.

बेकरीवाल्यापुरतं मला प्लेटोचं पटत नाही. निफाडला पारा उतरला की पीठ फुगायला जास्त वेळ लागतो, मग कणीक आदल्या रात्री कधी मळायची, हे सांगणारा माणूस हिशेब देतोच आहे. त्याच्याकडे ज्ञान आहे. पण प्लेटोची कसोटी मला सजावटीला लावायची आहे. दुकानातल्या प्रत्येक वस्तूला विचारा, ‘बाई, तू इथे का?’

संगमरवरी पाट्याला विचारलं तर तो सांगेल: मी थंड राहतो, खारीच्या पिठातलं लोणी विरघळू देत नाही, आणि मला ओल्या फडक्यानं पुसता येतं. चोख उत्तर. जुन्या इराणी हॉटेलातल्या आरशाला विचारा: मालक गल्ल्यावर बसून मागची टेबलं बघू शकतो म्हणून. तेही चोख. आता पिवळ्या दिव्याला विचारा. पावावर २७०० केल्विनचा उबदार दिवा सोडला की कवच अधिक खरपूस दिसतं. नीट भाजलाय की नाही, हे ठरवायलाच त्या उजेडात अडचण. ही शब्दशः खुशामत झाली. गव्हाच्या लोंब्यांना विचारायलाच नको. विक्रीला ठेवलेला पाव गिरणीतून आलेल्या मैद्याचा असतो, ओंबीशी त्याची ओळखसुद्धा नसते.

कुणी म्हणेल, मग सगळं सपाट पांढरं करायचं का? व्हिएन्नाचा वास्तुकार आडोल्फ लोस यानं १९१० च्या सुमारास ‘अलंकार आणि गुन्हा’ या अर्थाचं व्याख्यान दिलं, त्यात बेकरीतलंच उदाहरण आहे. हृदयाच्या किंवा घोडेस्वाराच्या आकाराचा, नक्षीदार केक नको, मला साधा तुकडा आवडतो, असं तो सांगतो. लोस मला थोडा कोरडा वाटतो. नानकटाईवर अंगठ्यानं दाबलेला पिस्ता काढून टाकायचं मला तरी कारण दिसत नाही. तो करणाऱ्याच्या हातातून आलेला असतो. विटांचं पॅनेल कॅटलॉगमधून आलेलं असतं. फरक मला तिथे दिसतो, अलंकार असण्या-नसण्यात नाही.

इराण्यांकडे परत येऊ, कारण आजकालचे डिझायनर त्यांचं नाव फार घेतात. मुंबईत धोबी तलावजवळचं कयानी १९०४ चं, बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया १९२३ चं. तिथल्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या आज ‘हेरिटेज’ म्हणून विकल्या जातात. या घराण्यातली सर्वांत प्रसिद्ध खुर्ची थोनेटची, १८५९ ची, १४ नंबरची. ती स्वस्त होती, सुटे भाग करून एका घनमीटरच्या खोक्यात छत्तीस खुर्च्या मावत. म्हणजे ती त्या काळची सर्वांत व्यवहारी वस्तू! तिचा व्यवहार सोडून फक्त आकार उचलायचा, हा आजचा उद्योग. लंडनमध्ये २०१० पासून डिशूम नावाची हॉटेलं मुंबईच्या इराणी कॅफेच्या आठवणीवर उत्तम चालतात. तिथे ते समजू शकतं. मूळ वस्तू हजारो मैलांवर आहे. नाशिकहून मुंबई मात्र सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसनं गाठता येते. आणि पुण्याच्या ईस्ट स्ट्रीटवर १९५५ ची कयानी बेकरी आहे, जिथे सजावट म्हणावी असं फारसं काही नाही आणि श्रुजबेरी बिस्किटांसाठी रांग मात्र आहे.

आता त्या दाराबद्दल, कारण मला सर्वांत जास्त खुपतं ते दार. जुन्या बेकरीचं फळकूट रस्त्याकडे उघडं असायचं. दोन पाव घ्यायला आलेलं पोर, हमाल, रिक्षावाला, सगळे फुटपाथवर उभे राहून माल घेत. एसीसाठी काच लावली की आत शिरावं लागतं, आणि आत शिरायला धीर लागतो. मळलेल्या कपड्यांतला माणूस ते दार ढकलत नाही. ‘प्रवेश नाही’ अशी पाटी लावली तर आपण मोर्चा काढू. दार तेच काम बिनबोभाट करतं. पावाच्या बाबतीत हे जास्त लागतं, कारण पोर्तुगीजांकडून आलेला हा पदार्थ इथे आधी बाटवणारा म्हणून हिणवला गेला आणि शेवटी वडापाव, मिसळपाव होऊन सगळ्यांचा झाला. मिसळीच्या गावात हे मी सांगायला नको. रस्त्याकडे एक खिडकी ठेवायला खर्च कितीसा येतो?

दुसरी बाजू कामगाराची. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं मुंबईतल्या लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं, तेव्हा पावाची चव जाईल म्हणून बराच गळा काढला गेला. धूर ज्याच्या छातीत जात होता, त्याचं मत फारसं कुणी विचारलं नाही. नव्या दुकानाच्या आराखड्यातही तेच होतं. काही जण हौसेनं काचेआड ‘ओपन किचन’ करतात, पण काचेमागे कोण दिसतं? केकवर आयसिंग करणारी मुलगी, पांढऱ्या टोपीत. ट्रे घासणारा, पीठ मळणारा, ओव्हनपाशी घामाघूम उभा असलेला दिसत नाही. काच कुठे लावायची हेही निवडूनच ठरवलेलं असतं.

मग त्यालाही काचेमागे उभा करायचा का? मला खात्री वाटत नाही. दिवसभर कुणीतरी आपल्याकडे बघतंय, हा काही मान नव्हे. पण काचेतून दोन्हीकडून दिसतं. त्याला रस्ता दिसेल, ऊन दिसेल, आपला पाव कोण घेतंय ते दिसेल. धूर आणि उष्णता बाहेर काढणारा पंखा किती ताकदीचा, बसायला बाक कुठे, हात धुवायचं बेसिन त्याच्यासाठी वेगळं आहे का, हे नकाशावर आधी काढा आणि मग उरलेल्या पैशांत विटा चिकटवायच्या तर चिकटवा. माझ्या अंदाजानं पैसे उरणार नाहीत.

संयोजक खूण करताहेत, प्रश्नांसाठी पंधरा मिनिटं आहेत. पुढच्या रांगेत दोन इंटिरियर डिझायनर बसले आहेत, मघापासून वहीत काहीतरी लिहिताहेत. पहिला हक्क त्यांचा.