वकील होता, पण बचाव झाला का?

लाखनीत सेटची तयारी करणाऱ्या एकीनं परवा मला विचारलं, "आरोपीला सरकारी खर्चानं वकील दिला होता ना? मग अन्याय कसला?" उत्तर सोपं वाटतं, पण नाही. म्हणूनच यात संशोधनाचा विषय दडलाय.

२०१२ चा 'मोहम्मद अजमल कसाब विरुद्ध महाराष्ट्र राज्य' हा निकाल उघडा. गुन्ह्याबद्दलचा राग क्षणभर बाजूला ठेवून फक्त वकिलाच्या हक्काचा भाग वाचा. सर्वोच्च न्यायालय म्हणतं, आरोपीला पहिल्यांदा हजर केलं की त्याला हा हक्क समजावून सांगणं दंडाधिकाऱ्याचं कर्तव्य आहे. कसूर झाल्यास त्याच्यावर खातेनिहाय कारवाई होऊ शकते. खटला सुरू होताना वकीलच दिला नाही, आणि आरोपीनं तो स्वतःहून नाकारलेला नाही, तर खटला रद्द. पण त्याआधीच्या टप्प्यावर वकील मिळाला नसेल, तर त्यामुळे खटल्यात खरंच नुकसान झालं हे दिसायला हवं.

पहिला भाग भक्कम आहे. माझा वाद दुसऱ्याशी. नुकसान दाखवायचं कशावरून? कागदावरून. आणि जो आक्षेप कुणी घेतलाच नाही, तो कागदावर येणार कुठून? प्रत्येक चुकीसाठी पूर्ण झालेले खटले मोडता येत नाहीत, ही न्यायालयाची अडचण मला मान्य आहे. तरी पुराव्याचं ओझं जातं ते ज्याच्याकडे वकील नव्हता त्याच्यावरच.

आता २०१९ चा 'अनोखीलाल' निकाल शेजारी ठेवा. मध्य प्रदेशातल्या या खटल्यात वकिलाची नेमणूक आणि आरोपनिश्चिती एकाच दिवशी झाली, आणि जेमतेम दोन आठवड्यांत फाशीची शिक्षा. सर्वोच्च न्यायालयानं तारखा बघितल्या आणि खटला नव्यानं चालवायला सांगितलं. फाशी किंवा जन्मठेप होऊ शकेल अशा खटल्यात न्यायमित्राला किमान १० वर्षांचा अनुभव हवा, तयारीला साधारण किमान ७ दिवस मिळायला हवेत, असंही ठरवून दिलं.

फरक कळला ना? 'नुकसान' मोजता येत नाही, तारखा मोजता येतात. तेव्हा आराखडा लिहिताना "कायदेशीर मदत अपुरी आहे का?" असा ढोबळ प्रश्न घेऊ नका. परवानगी काढून रोजनामे बघा. वकिलाची नेमणूक कधी, आरोपनिश्चिती कधी, पहिली उलटतपासणी कधी, ते टिपा. आरोपींची नावं मात्र वहीत उतरवू नका.

वकील हजर होता एवढं कागद सांगतो. तो तयार होता का, हे तुम्हाला शोधायचंय.