खणांचा खेळ

वाङ्मयाच्या चर्चेसाठीं राखून ठेवलेल्या या पानांत गोधडीवर टीकालेख यावा, हें कांहीं वाचकांस विपरीत वाटेल. चित्रावर, शिल्पावर, नाटकावर लिहिण्यास त्यांची हरकत नसते. परंतु जी वस्तु माळ्यावर, ट्रंकेच्या तळाशीं किंवा आजारी माणसाच्या पायथ्याशीं पडलेली असते, तिचें गुणदोषविवेचन तें काय करावयाचें! आमचें म्हणणें असें कीं, जेथें निवड आहे तेथें टीकेला जागा आहे. जुन्या लुगड्याचा कांठ कडेला जाऊं द्यावा कीं मध्यें घ्यावा, हें जिनें एकदां ठरविलें तिनें निवड केली. मग ती निवड साधली कीं फसली, असें विचारण्याचा हक्क आम्हांला पोहोंचतो. आणि तसें कोणी विचारीत नाहीं, म्हणूनच गोधडीविषयीं आपल्याकडे जें लिहिलें जातें तें केवळ उमाळ्याचें असतें. आईच्या लुगड्याची ऊब, आजीच्या हातांचा स्पर्श, इतकें झालें कीं लेख संपतो. ऊब खोटी नाहीं. परंतु वाईट गोधडींतहि ती असतेच, हें लक्षांत घेतलें पाहिजे.

आपल्या प्रांतांतील गोधडी, अथवा कोल्हापूर-सांगलीकडची वाकळ, ही मूळची काटकसरीची सोय. वरचा आणि खालचा पदर त्यांतल्या त्यांत धड अशा नऊवारी लुगड्याचा. आंत विटलेलीं धोतरें, सदरे, उशांचे अभ्रे, जें सांपडेल तें. धावदोरा कडेपासून सुरू होतो आणि चौकोनाच्या आंत चौकोन घालीत मध्याकडे येतो. येथें आखीव खण बहुधा नसतो. असते ती पट्टी, कांठ आणि विरलेल्या जागेवरचें ठिगळ. म्हणून आमच्या गोधडीचा ताल कापडापेक्षां धाग्यांत अधिक असतो, आणि तो डोळ्यांपेक्षां तळहाताला लवकर कळतो. रात्रीं दिवा मालवल्यावर ज्यानें गोधडीच्या सुरकुत्यांवरून बोट फिरविलें असेल, त्याला हें अधिक सांगावयास नको.

सिंधमधील रल्लीची गोष्ट निराळी. तेथें खण हाच पाया. (खण या शब्दाला आपल्या भाषेंत चोळीचें कापड आणि घराचा विभाग असे दोन्ही अर्थ आहेत, गोधडीच्या चौकोनासाठीं याहून चांगला शब्द शोधूनहि मिळणार नाहीं.) रल्ली हें नांव ज्या सिंधी क्रियापदावरून आलें, त्याचा अर्थ मिसळणें, एकत्र होणें. ही मुख्यतः खेड्यांतली कला. दक्षिण सिंधमधील हिंदु आणि मुसलमान अशा दोन्ही समाजांतील स्त्रिया ती करीत आल्या आहेत. कापडाचा चौकोन घडीवर घडी घालून दुमडावयाचा, कात्रीनें कापावयाचा, उलगडला कीं त्यांतून फूल किंवा चक्र निघतें. त्याच्या कडा आंत मुडपून तें दुसऱ्या रंगाच्या चौकोनावर टांक्यांनीं बसवावयाचें. असे खण जोडले कीं वरचा पदर तयार होतो. मग जुनेराचे थर घालून चटईवर ती पसरतात आणि शेजारणीपाजारणी मिळून सरळ समांतर रेघांत धावदोरा घालतात. लग्नांत मुलीला रल्ल्या द्यावयाच्या, आणि घरांत त्यांची चळत किती उंच यावरून घराची प्रतिष्ठा जोखावयाची, अशी तिकडची रीत.

ही कला आपल्या दाराशीं आली ती फाळणीनें. कल्याणजवळ दुसऱ्या महायुद्धांत लष्करासाठीं उभारलेल्या छावणींत १९४७ नंतर सिंधमधून आलेलीं कुटुंबें उतरलीं. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनीं त्या वसाहतीला उल्हासनगर हें नांव दिलें. तथापि पत्ता सांगतांना तेथील माणूस आजहि आधीं कँपचा नंबर सांगतो. बरोबर काय आणावें आणि काय टाकावें याचा विचार करण्यास त्या कुटुंबांना फारसा अवधि नव्हता. अंथरूण मात्र बहुतेकांनीं आणलें, कारण त्यांत बाकीचें सामान बांधतां येतें.

तेथल्याच एका घरांत अशी एक रल्ली आम्हांला पाहावयास मिळाली. पांच खण आडवे, सात उभे. एका खणांत पांढऱ्यावर तांबडें आठ पाकळ्यांचें फूल, शेजारच्यांत तांबड्यावर पांढरें. अशी सोंगट्यांच्या पटासारखी आळीपाळी शेवटपर्यंत चालते. केवळ एके ठिकाणीं, मध्यापासून एक घर खालीं व एक घर डावीकडे, फूल तांबडें नसून काळें आहे. आम्ही त्या काळ्या फुलासमोर बराच वेळ बसलों. दृष्ट लागूं नये म्हणून असेल काय? मृत्यूची आठवण असेल काय? टीकाकाराचें मन अशा वेळीं जें जें सुचवितें तें सर्व आमच्या मनानें सुचविलें. अखेरीस घरांतल्या वृद्ध नानींना विचारलें, तेव्हां त्या हंसून म्हणाल्या, "लाल कपडा खत्म हो गया था." रल्ली त्यांच्या आईनें केलेली. आमचा चेहरा उतरलेला पाहून त्यांना दया आली असावी. क्षणभर थांबून त्यांनीं पुढें सांगितलें कीं, काळें कां घेतलें तें दुकानदाराला विचारा, पण तें कोठें बसवावयाचें तें आईनें ठरविलें.

या एका वाक्यांत गोधडीच्या सौंदर्यशास्त्राचा निम्मा भाग आला, असें आम्हांस वाटतें. फुलें आधीं कापलीं जातात, खण जमिनीवर मांडून पाहिले जातात आणि मग जोडले जातात. तेव्हां अपुरें पडलेलें फूल कोपऱ्यांत लपविणें त्या बाईला सहज शक्य होतें. तिनें तें लपविलें नाहीं; अगदीं मध्यावर मिरविलेंहि नाहीं. डोळा मध्याकडे जातो, तेथें त्याला नेहमींचें तांबडें भेटतें, आणि मग खालीं घसरतांना तो अडखळतो. जो खेळ आपण नव्या कलेचा शोध म्हणून वाखाणतों तो हाच. फरक इतकाच कीं, येथें तो टंचाईनें सुरू केला आणि मांडणीनें पुरा केला. टंचाई नसती तर पट निर्दोष झाला असता आणि आम्ही त्याच्यासमोर दोन मिनिटें बसलों असतों.

पुनरावृत्ति आणि मोड यांचें हें नातें पाहण्यासाठीं उल्हासनगरहून फार दूर जावयास नको. लागूनच असलेल्या अंबरनाथला शिलाहारांच्या काळचें, शके ९८२ चा म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख असलेलें शिवालय आहे. भूमिज पद्धतीच्या त्या देवळाच्या शिखरावर लहान लहान शिखरांच्या उभ्या ओळी रचलेल्या होत्या; वरचा भाग पडला, पण उरलेल्यावरून रचना कळते. एकच आकार, पुन्हां पुन्हां, वर जातांना लहान होणारा. कारागिराला नवा आकार शोधावयाचा नव्हताच. जुना आकार किती वेळां आणि कोणत्या अंतरानें म्हणावयाचा, एवढेंच त्याच्या हातीं होतें. ज्यांस गोधडीची देवळाशीं तुलना उद्धटपणाची वाटेल त्यांनीं प्रथम भिंतीचे कोपरे मोजावे आणि मग आमच्याशीं भांडावें.

आतां त्याच घरांतील दुसऱ्या गोधडीकडे वळूं. ती नानींच्या नातीची, आणि अपुरी. उल्हासनगरांत जीनच्या विजारी शिवणारे कारखाने आहेत; त्यांची कातरण गोणींनीं मिळते. नातीनें ती आणून आजीच्या रल्लीचा नवा पाठ करावयाचें ठरविलें. पहिल्याच घडीला अडचण आली. रल्लीचें फूल पातळ सुती कापडांतून निघतें. जीनच्या जाड कापडाला तिसरी घडी बसत नाहीं, चौथीला कात्री हार खाते, आणि कडा मुडपावयाची म्हटली तर सुई मोडते. नानींनीं हें आधींच सांगितलें होतें, असें नानी म्हणतात. मुलीनें फूल सोडलें. मध्यें एक चौकोन आणि त्याच्याभोंवतीं पट्ट्यांवर पट्ट्या, असा सरळ रेषांचा खण तिनें घेतला. परंतु आजीची आळीपाळी तिनें सोडली नाहीं, आणि येथें तिची बुद्धि दिसते. जीनचें कापड उभ्या निळ्या आणि आडव्या पांढऱ्या सुतानें विणलेलें असतें. त्यामुळें त्याची सुलट बाजू गडद आणि उलट बाजू फिकट. एका खणांत मध्य सुलटा व पट्ट्या उलट्या, शेजारच्यांत याच्या विरुद्ध, असा तिनें एकाच कापडांतून तांबड्या-पांढऱ्याचा जुना संवाद निळ्यांत वदवून घेतला. कापडाची पाठ दाखविणें हा शिंप्याच्या दृष्टीनें अपराध. त्याच अपराधावर ही सारी रचना उभी आहे. आम्हांला हें अस्सल रूपांतर वाटतें.

दोष आहेत, आणि ते झांकण्याचें कारण नाहीं. तीन खणांत मुलीनें साखळी, धातूची गुंडी आणि कमरेवरचें कातडी लेबल तसेंच ठेवलें आहे. हा विनोद पहिल्या भेटींत हंसवितो, दुसऱ्या भेटींत ओळखीचा वाटतो आणि तिसऱ्या भेटींत, म्हणजे झोपेंत कुशीवर वळतांना, बरगडींत टोंचतो. चित्र टोंचत नाहीं. म्हणून चित्रकाराला जी सवलत मिळते ती गोधडीवालीला मिळत नाहीं. दुसरें असें कीं, हातानें धावदोरा घालणें अशक्य झाल्यामुळें तिनें यंत्राची शिवण घातली. ती सरळ आहे, भक्कम आहे, आणि मुकी आहे. हाताचा दोरा कापडाला किंचित् आवळतो, त्यांतून ती बारीक लहर उठते. यंत्र कापडाला नुसतें खिळवून टाकतें.

जुन्या मताचे लोक याहून मोठा आक्षेप घेतील: कोऱ्या कातरणींत कोणाचें आयुष्य आहे? जी अंगावर झिजली नाहीं ती चिंधी, तिच्यापासून गोधडी होत नाहीं. हें मत एके काळीं आमचेंहि होतें. त्याला बळ देणारें उदाहरण अमेरिकेंतील अलाबामा राज्यांत सांपडतें. गीज बेंड या नदीच्या वळणावरच्या वस्तींत, एके काळच्या गुलामांच्या मळ्यावर, निग्रो वंशाच्या स्त्रियांनीं शेतांत झिजलेल्या विजारींच्या गोधड्या केल्या. त्यांत खिसा उसवून काढलेली जागा गडद राहिली आहे, कारण तेथें ऊन पोहोंचलेंच नव्हतें. चौकोनाच्या आंत चौकोन बसविण्याची त्यांचीहि एक आवडती पद्धति आहे. २००२ सालीं ह्यूस्टन येथील कलासंग्रहालयानें त्या गोधड्या मांडल्या, तेव्हां जाणत्या टीकाकारांनीं त्यांची तुलना मोठमोठ्या चित्रकारांशीं केली. त्या गडद खिशापुढें आमच्या मुलीचें निळें-फिकें बुद्धिमान असूनहि थोडें कोरडें वाटतें, हें कबूल केलें पाहिजे.

तरीहि झीज हीच कसोटी मानावयास आम्ही आतां तयार नाहीं. नानींच्या आईच्या रल्लींतहि वरचा पदर मुद्दाम रंगवून घेतलेल्या कापडाचा आहे. घरच्यांचें जुनेर आंत गेलें, जेथें तें कोणाला दिसत नाहीं. स्मृति आंत आणि रचना वर, अशी ही व्यवस्था. स्मृतीचे भक्त आंतलेंच पाहूं म्हणतात. रचनेचे भक्त उलट टोकाला जातात: १९७१ सालीं न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयानें अमेरिकन गोधड्या अमूर्त चित्रांप्रमाणें भिंतीवर टांगल्या, त्यामुळें त्यांची रंगसंगति जगाला प्रथम नीट दिसली, परंतु त्यांची जाडी, वजन आणि बहुतेकांच्या कर्त्रींचीं नांवें भिंतीमागेंच राहिलीं. उत्तर कानडा जिल्ह्यांत हल्याळ-येल्लापूरकडे सिद्दी स्त्रिया जी कवंदी शिवतात, ती कोपऱ्यापासून फिरत फिरत मध्यावर येऊन संपते, आणि चारी कोपऱ्यांना तिकोनी घड्यांचीं फुलें लावल्यावांचून ती उघडी-नागडी समजली जाते. हें फूल ना ऊब वाढवितें, ना कोणाची आठवण सांगतें. तरी तें नसलें तर काम पुरें झालें असें त्या बायका मानीत नाहींत. स्मृतिवादी आणि रचनावादी या दोघांनींहि त्या कोपऱ्याचा अर्थ लावून दाखवावा.

उल्हासनगरचें गजानन मार्केट आणि जपानी बाजार कापडासाठीं प्रसिद्ध आहेत. कापडाच्या बाजारांत अलीकडे सर्वत्र एक माल दिसतो, त्याविषयीं दोन शब्द लिहिणें भाग आहे. अखंड चादर, आणि तिच्यावर छापलेले ठिगळांचे खण. टांकेहि छापलेले. त्यांत आळीपाळी आहे, मोडहि आहे. दर बारा खणांनीं एक खण चुकतो, आणि पुढच्या बारांत नेमका तेथेंच पुन्हां चुकतो. काळ्या फुलाची जागा ठरविणारी बाई येथें कोणी नाहीं. ही चादर स्वस्त आहे, धुण्यास सोपी आहे, आणि ती घेणाऱ्यांस आम्ही दोष देत नाहीं. तिला गोधडी म्हणूं नये, इतकेंच.

खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती त्या घरांत आम्हांला टाळतां आली नाहीं. जुनी रल्ली मध्यभागीं विरली आहे. वापरली तर आणखी दोन हिवाळे निघतील. पेटींत ठेवली तर घड्यांवर फाटेल. नानी म्हणतात, अंथरा. नात म्हणते, कांचेंत ठेवूं. आम्हांला मत विचारलें गेलें. टीकाकाराजवळ गुणदोषांचें मत तयार असतें, अंथरण्याविषयींचें नव्हतें. आम्ही चहा घेतला आणि विषय नव्या गोधडीकडे वळविला.

नव्या गोधडींत चौतीस खण भरले आहेत. पस्तिसावा, मध्यापासून एक घर खालीं व एक घर डावीकडे, मोकळा ठेवलेला आहे. तेथें आठ पाकळ्यांचें फूल हवें, आणि तें नानींनींच कापावें, असा नातीचा आग्रह. नानींना आतां कापडावर कात्री धरवत नाहीं. त्यांनीं सिंधी वर्तमानपत्राचें एक पान घेऊन चौकोन दुमडला, पुन्हां दुमडला, पुन्हां दुमडला, आणि चष्मा न लावतां कापला. तें कागदी फूल आम्ही निघालों तेव्हां त्या मोकळ्या खणावर टांचणीनें लावलेलें होतें. कापड कोणत्या रंगाचें घ्यावें यावर दोघींचा वाद चालू होता.